दोन वेढ्यांची तार

१

गुरुवारी सकाळी वैजनाथ पोटफोड्यांनी पोतं टेबलावर ठेवलं, आणि ते उघडायच्या आधीच प्रेमलाला वास आला. जळक्या प्लास्टिकचा वास तिला नवा नव्हता. सोल्डरिंग करणाऱ्या बाईच्या पदराला तो कायमचा चिकटलेला असतो. पण या वासात गादीच्या कापसाचा, पडद्यांचा, कुणाच्या तरी घराचा वास मिसळलेला होता. शेठनी पोतं उपडं केलं आणि तिची पाचावर धारण बसली.

आतून एक तांब्याची मूठ बाहेर आली. पुढचं दुधी पातं वितळून तिच्यावर ओघळलं होतं.

"तेजस भोयरची," शेठ म्हणाले. "विश्रांतवाडीचा. काल सकाळी तलवार चार्जिंगला लावून अंघोळीला गेला. बाहेर येतो तर खोली पेटलेली. त्याच्या हाताला भाजलंय. आई त्याच खोलीत झोपली होती. दुर्गाबाई. धूर गेलाय छातीत. ऑक्सिजनवर आहे, अजून डोळे उघडले नाहीत."

प्रेमला मटकन स्टुलावर बसली. त्या मुठीतली एकेक तार तिनं जोडली होती.

पोटफोड्यांच्या तीन पिढ्यांनी कसबा पेठेत तांब्याचे बंब ठोकले. मग घरोघरी गीझर आले आणि बंब शोभेला उरले. शेठही शोभेलाच उरायचे, पण आमोद नावाचा ओळखीतला आयटीवाला एक दिवस म्हणाला, "काका, तलवारी करा. खेळातल्या, दिव्यांच्या." मूठ तांब्याची, पातं नळीचं, नळीत दिव्यांची पट्टी, मुठीत एक सेल, एक साउंड बोर्ड आणि बोटभर स्पीकर. बटण दाबलं की पातं उजळायचं, मुठीवरचा खडा आतून पेटायचा, आणि फिरवली की तलवार घोंघावायची. कंपन्यांमधली पोरं हौसेनं घेऊ लागली. गिऱ्हाइकं पुण्याची, त्यामुळे तलवार सुरू होताना बहुतेकांना नगारा हवा असे.

"शेजाऱ्यांनी एक विचित्रच सांगितलं," शेठनी आवाज खाली आणला. "आगीच्या आधी बंद खोलीतून नगारा वाजत होता म्हणे. दोन ठोके. थांबून पुन्हा दोन. पुढचा वाजतच नव्हता."

प्रेमलाच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"उद्या पोलीस येणार. त्याआधी चौकीनं लेल्यांचं मत मागवलंय. त्यांना आज अकराला बोलावलंय."

भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते तिला दिसलं नाही. गेलं वर्षभर ते तिला दिसतच नव्हतं, आणि ही गोष्ट या जगात फक्त तिलाच ठाऊक होती.

२

दिगंबर लेले म्हणजे निवृत्त विद्युत निरीक्षक. राहणार शनिवार पेठ. आयुष्यभर लोकांच्या घरातली वायरिंग बघून बघून माणसाच्या अकलेवरचा त्यांचा विश्वास पार उडाला होता.

"वा," आत येताच ते म्हणाले. "काय प्रकाश आहे! इथे चोरसुद्धा ठेचकाळून पडेल. बल्ब महाग झालेत वाटतं?"

शेठ ओशाळले. प्रेमला कोपऱ्यात हात मांडीखाली घालून बसली होती.

लेल्यांनी आधी शेठना धरलं. माल कुठून येतो? सेल कुणाकडून? तारा?

"तारा बुधवार पेठेतून, मोठ्या गुंडाळीनं. ती बाईंच्या खुंटीवर बसत नाही, म्हणून गणपतीत मीच त्यांच्या दोन रिळांवर गुंडाळून दिली. एकावर लाल, एकावर काळी."

"कुठल्या रिळावर कुठली, हे कसं ठरवलंत?"

"त्यात काय ठरवायचं? जे हाताला लागलं त्यावर लाल. रिळं दोन्ही सारखीच."

लेल्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. एवढ्यात आमोद आला. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात हेल्मेट, उजव्या कोपराला खपली धरलेली. तिशीतला पोरगा, पण आज डोळे खोल गेलेले.

"तुमचं काम काय इथे?" लेल्यांनी विचारलं.

"ऑर्डर आणणं, साउंड फाइल्स कार्डात टाकणं, डिलिव्हरी. वायरिंगला मी हात लावत नाही, सर. ते डिपार्टमेंट प्रेमलाताईंचं."

"मग आग त्यांच्या डिपार्टमेंटातून निघाली म्हणायचं."

"नाही!" आमोद एकदम उसळला. "ताईंचं काम एकदम परफेक्ट असतं. तेजसच्या तलवारीचं चार्जिंग सॉकेट मी स्वतः बघितलंय. लाल तार मधल्या पिनला होती, काळी बाहेरच्या. प्लस प्लसला, मायनस मायनसला. हंड्रेड पर्सेंट. फॉल्टी असेल तर सेल असेल."

प्रेमलाचा जीव भांड्यात पडला. लाल मधल्या पिनला, म्हणजे सगळं बरोबर होतं. त्या पोराचे पाय धरावेत असं तिला वाटलं.

लेल्यांनी मात्र चष्मा पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत राहिले. "डोळ्यांनी पाहिलंत?"

"डोळ्यांनी."

"उत्तम. जाऊ नका कुठे. हं, बाई, आता आपण."

३

प्रेमला टेबलाशी आली. बारा वर्षं तिनं एका रेडिओच्या कारखान्यात सोल्डरिंग केलं होतं. तिच्या ओळीत यमुनाबाई नावाची एक बाई होती, तिच्यासारखा हात कुणाचा नव्हता. यमुनाबाईचे डोळे अधू झाले, साहेबांना कळलं, आणि महिन्याच्या आत तिला घरी बसवलं. पुढे बाहेरचा स्वस्त माल आला आणि कारखान्यालाच टाळं लागलं, पण यमुनाबाई डबा छातीशी धरून फाटकातून बाहेर गेली ते प्रेमला विसरली नाही. म्हणून तिच्या स्वतःच्या नजरेवर धुरकट पडदा चढू लागला, तेव्हा तिनं डॉक्टरचं तोंड पाहिलं नाही. डॉक्टर काय सांगेल याचीच तिला धास्ती होती.

"घाबरू नका," लेले म्हणाले. असं म्हटल्यानं आजवर कुणी घाबरायचं थांबलेलं नाही. "मला फक्त थोडी लाल तार आणून द्या."

खुंटीवरची दोन्ही रिळं तिला सारखीच दिसायची, काळपट. पण तिनं त्यावर उपाय काढला होता. लाल तारेच्या रिळाच्या कडेला तिनं कानशीनं एक खाच पाडून ठेवली होती. तिनं अंगठा फिरवला, खाच लागली. वीतभर तार तोडून तिनं टेबलावर ठेवली.

लेल्यांनी ती उचलली. "हं," एवढंच म्हणाले.

सुटले, तिच्या मनात आलं.

"ही सेलची डबी. मायनस बाजू कुठली?"

"ही. स्प्रिंगची." डबी हातात घ्यायच्या आधीच तिचं बोट तिथे पोचलं होतं.

"साउंड बोर्डवर प्लस?"

"भोकाजवळचा कोपरा. तिथं बोटाला खळगा लागतो."

"आपण डोळ्यांपेक्षा बोटांनीच जास्त बघता."

तिनं दोन्ही हात टेबलाखाली नेले.

फळीवर दोन तयार तलवारी गिऱ्हाइकांची वाट पाहत होत्या. लेल्यांनी त्यांच्या मुठी उघडून खिडकीशी नेल्या. मग जळकी मूठ उघडली, आणि चिमट्यानं आतली राख बाजूला करत ते इतका वेळ वाकून राहिले की प्रेमलाला उभं राहवेना.

"पोटफोडे, तुम्ही आणि हे चिरंजीव जरा बाहेर थांबा," शेवटी लेले म्हणाले.

दार लागलं. त्यांनी तिची ती वीतभर तार दोन बोटांत धरून तिच्यासमोर धरली. आवाज अगदी हळू होता.

"बाई, ही तार काळी आहे."

४

तिनं काही लपवायचा प्रयत्न केला नाही. भीतीला एक मर्यादा असते. ती ओलांडली की माणसाला रडूच येतं. डोळे, खाच, यमुनाबाई, सगळं तिनं एका दमात सांगून टाकलं.

"म्हणजे मीच केलं," ती म्हणाली. "गणपतीपासून मी काळी लाल समजून लावतेय. सगळं उलटं. त्या माउलीला काही झालं तर ते माझ्या हातून झालं."

"थांबा. आधी शिक्षा, मग चौकशी, ही पद्धत आपल्या सरकारी खात्यातसुद्धा नव्हती." लेल्यांनी फळीवरची मूठ तिच्या हातात दिली. "या तारांवर तांब्याचे बारीक वेढे कसले आहेत? एकीवर एक, दुसरीवर दोन. मी आधी नक्षी समजलो."

"ती जोडवी. मी माझ्यापुरतं नाव ठेवलंय. मुठीत हात घातल्यावर कुठली तार कुठली ते कळावं म्हणून. एक वेढा म्हणजे प्लस, दोन म्हणजे मायनस."

"आणि जोडताना रंग बघता की वेढे?"

"वेढे. रंग दिसतो कुठे मला?"

"मग सगळं उलटं कसं होईल? रंग उलटे, जोडणी बरोबर. या दोन्ही मुठींत काळी तार एका वेढ्याची आहे आणि ती मधल्या पिनला आहे. जिथे हवी तिथेच. तारेतून वीज जाते, रंग जात नाही." त्यांनी दार उघडलं. "या हो आत."

शेठ आणि आमोद आत आले. लेल्यांनी जळकी मूठ मध्ये ठेवली.

"सॉकेट मुठीच्या टोकाला आहे, तिथे आग कमी पोचली. तारांचं वेष्टन वितळलंय, पण या वेढ्यांच्या खाली रंग शाबूत राहिलाय. मधल्या पिनला लाल तार आहे. आमोदराव, तुम्ही अगदी खरं सांगितलंत."

आमोदनं मान हलवली. कपाळ घामानं डबडबलं होतं.

"फक्त एक अडचण आहे. या लाल तारेवर दोन वेढे आहेत. दोन म्हणजे मायनस. या बाई रंगात चुकतील, वेढ्यात चुकणार नाहीत. आणि गणपतीपासून त्यांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक तलवारीत मधल्या पिनला काळी तार असते. फळीवर दोन आहेत, बघा खुशाल. मग या एकाच मुठीत तिथे लाल कशी आली? रंगाकडे बघून काम करणाऱ्या कुणीतरी आणली. ज्याला वेढ्यांचा अर्थ माहीत नव्हता, त्यानं."

त्यांनी चिमट्यानं सॉकेट वर उचललं.

"शिवाय हे टाके बघा. बाईंचे टाके चकचकीत आहेत, जुन्या शिशाच्या सोल्डरचे. सॉकेटवरचे दोनच टाके मळकट आहेत. दुसरं सोल्डर, दुसरा हात. बाईंनी लावलेली लाल तार मधल्या पिनला कुणाला दिसणं शक्यच नव्हतं. ती ज्यानं तिथे लावली, त्यालाच दिसली. आमोदराव, कोपराला काय लागलंय?"

आमोद खुर्चीत कोसळला. बाईंना वाचवायला बोललेलं वाक्यच त्याच्या गळ्याशी आलं होतं.

"आळंदी रोडला गाडी स्लिप झाली," तो पुटपुटला. "डिलिव्हरीच्या दिवशी. बॅग आपटली, सॉकेट तुटून बाहेर आलं. आत नुसत्या दोन वायर लोंबत होत्या, एक रेड, एक ब्लॅक. घरी सोल्डरिंग किट होतं. मी नवीन सॉकेट लावलं. रेड सेंटरला, असंच लावतात ना, सर? बटण दाबलं तर लाइट, साउंड, सगळं ओके होतं. चार्जिंग चेक केलं नाही. सेल फुल होता."

"म्हणून तलवार दसऱ्याला मिरवली आणि पहिल्यांदा चार्जर लागला तेव्हा पेटली. उलटा चार्जर सेलचा गळा धरतो. वीज खचते, बोर्ड बंद पडतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा बंद. दर वेळी नगाऱ्याचे पहिले दोन ठोके. तिसऱ्यापर्यंत त्याला जगूच देत नाही."

"माझ्या मनात नव्हतं हो काही," आमोद रडत होता. "मला खरंच वाटलं सेलचीच चूक. मी उघडलं होतं हे सांगायचं धाडस झालं नाही, बस्स."

प्रेमलाला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. धाडस न होणं म्हणजे काय हे तिला त्याच्याहून जास्त ठाऊक होतं. तिच्या मनात दुसरंच काहीतरी आलं.

"आमोद," ती म्हणाली, "त्या बॅगेत त्या दिवशी तलवारी किती होत्या?"

त्यानं मान वर केली. चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"दोन. दोन्हींची सॉकेट तुटली होती. दोन्ही मीच लावली."

५

दुसरी तलवार शनिवार पेठेतल्या अपूर्वाची होती. तिची कॉलेजात आज संध्याकाळी स्पर्धा होती, म्हणजे तलवार आजच चार्जिंगला लागणार. फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही.

ते धावत सुटले. आमोद पुढे, लेले छत्री टेकत मागे, आणि मध्ये प्रेमला. रस्ता तिला रोजच्यासारखा धूसर होता. रिक्षा अचानक अंगावर येत, माणसं ऐन वेळी दिसत. शनिवारवाड्याच्या भिंतीच्या कडेनं जाताना ती दोनदा ठेचकाळली, गुडघा फुटला. एकच विचार डोक्यात होता. दुर्गाबाईंनी डोळे उघडले नव्हते. आता आणखी कुणाचे मिटायला नकोत.

तिसऱ्या मजल्यावर आमोदनं बेलवर बोट दाबून धरलं. दार अपूर्वाच्या आईनं उघडलं, कुसुमताईंनी, दोन बोटांएवढंच.

"सव्वादोन वाजलेत," त्या म्हणाल्या. "झोपतात या वेळी माणसं. आम्ही माणसंच आहोत."

"अपूर्वा कुठे आहे?"

"आतल्या खोलीत. मघापासून तो नगारा लावलाय, डोकं उठलंय माझं. तोही धड नाही."

आणि मग तिघांनाही तो ऐकू आला. दोन ठोके. शांतता. पुन्हा दोन ठोके.

आमोदचे पाय उंबऱ्यातच खिळले. प्रेमलानं त्याला बाजूला सारलं. आतल्या खोलीत पडदे ओढलेले, पंखा चालू, कानात इअरफोन घातलेली एक मुलगी लॅपटॉपसमोर पाठमोरी. खोलीत अंधार होता, पण अंधाराचं प्रेमलाला काय? ती आवाजाच्या रोखानं गेली. गादीवर हात फिरवला आणि मूठ लागली. तवा तापावा तशी तापली होती. तारेवरून हात सरकवत ती भिंतीपर्यंत पोचली आणि चार्जर खसकन उपटला.

"पाणी नका टाकू कुणी!" दारातून लेले ओरडले. "लोखंडी बादलीत घाला! बादली गॅलरीत!"

तिनं पदरात गुंडाळून मूठ कुसुमताईंनी पुढे केलेल्या बादलीत टाकली आणि बादली गॅलरीत ठेवली. सगळे लांब उभे राहिले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मूठ हळूहळू निवत गेली. नगारा पुन्हा वाजला नाही.

"मला वाटलं चार्ज होताना असाच आवाज येतो," अपूर्वा कापऱ्या आवाजात म्हणाली. प्रेमलानं तिला जवळ घेतलं आणि स्वतःच हुंदके देऊन रडू लागली.

लेल्यांनी वही उघडली. ते तिच्याशेजारी येऊन हळूच बोलले. "सॉकेट चुकीचं लावलं ते आमोदनं, आणि लपवलं तेही त्यानंच. अहवालात ते येणारच. रिळं बदलली पोटफोड्यांनी, तेही लिहीन. आपल्या डोळ्यांबद्दल मला कुणी विचारलेलं नाही. न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देण्याची खोड मला नाही."

प्रेमलानं पदराच्या टोकानं चेहरा पुसला. एवढं एक वाक्य ऐकायला ती सकाळपासून तळमळत होती. आता घरी जाता आलं असतं. उद्या पुन्हा खुंटीपाशी बसता आलं असतं, अंगठ्यानं खाच चाचपत.

"गणपतीपासून माझ्या हातच्या नऊ तलवारी बाहेर गेल्यात," ती म्हणाली. "दोन सापडल्या. सात घरांत आहेत. आज बरोबर चालतायत, पण उद्या कुणाचं सॉकेट तुटेल, कुणी सेल बदलायला मूठ उघडेल. आत लाल दिसेल, काळी दिसेल. कुणीही शहाणा माणूस रंगावरच विश्वास ठेवणार. आमोदनं ठेवला तसा." ती थांबली. "लिहा, साहेब. माझ्या डोळ्यांचंही लिहा. ते लिहिलं नाही तर काळी तारच प्लसची का आहे, हे त्यांना कोण सांगणार?"

"बाई, नोकरी जाईल."

"जाईल," प्रेमला म्हणाली. तिला फार भीती वाटत होती, आणि तरीही ती म्हणाली.

मग तिनं गॅलरीच्या कठड्याला पाठ टेकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात हाक मारली.

"आमोद, ऑर्डरची यादी काढ फोनवर. नंबर तू वाच आणि तूच लाव. मला दिसत नाहीत."

कुसुमताई चहाचं आधण ठेवायला निघाल्या होत्या, त्या जागीच थांबल्या. आमोदनं फोन काढला.

"कुणापासून सुरुवात करू, ताई?"

"तेजसपासून. त्याचं पहिलं."

पलीकडे बराच वेळ घंटी वाजत राहिली. मग हॉस्पिटलच्या गलक्यातून एक थकलेला आवाज आला, "बोला." प्रेमलानं आमोदच्या हातून फोन घेतला आणि दोन्ही हातांत घट्ट धरला.

"तेजसदादा, आपण मला ओळखत नाही. मी प्रेमला बोलतेय. आपल्या तलवारीतल्या तारा मी जोडल्या होत्या."